जुनी मर्सिडीज ई २४०: आर टाकला की आधी शांतता, मग दणका

विश्रामबाग (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार. गाडी मर्सिडीज ई २४०, डब्ल्यू २१० बॉडी, मॉडेल २००१, पेट्रोल, पाच गिअरचा ऑटोमॅटिक (७२२.६). मीटरवर १,४३,२०० किमी. मुक्काम सांगली.

गाडी माझ्या मामांची. ते गेल्यावर मामेभाऊ म्हणाला, विकली तर भंगाराचा भाव येईल, तूच घेऊन जा. घरात हिचं नाव पांढरा हत्ती, रंग गडद हिरवा असला तरी. २०१६ आणि २०२१ अशी दोनदा पासिंग झाली आहे, ग्रीन टॅक्स भरलेला आहे, कागद चोख. मी सीए आहे, त्यामुळे कागदाचं मला कळतं. गिअरबॉक्सचं कळत नाही, म्हणून इथे लिहितेय.

त्रास असा. सकाळी गाडी चालू करून पीमधून (पार्किंग) आर (रिव्हर्स) टाकला की काहीच होत नाही. लिव्हर जागेवर, डॅशबोर्डवर आर दिसतो, गाडी मख्ख. मग एकदम दण्‌. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखी. डी (पुढं जायचा) टाकला तरी तेच, पण जरा कमी. गाडी तापली की उशीर कमी होतो, दणका मात्र राहतो. सिग्नलला थांबता थांबता शेवटच्या दोन-तीन मीटरला एक हलका धक्काही बसतो.

आठवडाभर मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजून वहीत लिहिलंय. सरासरी देते:

थंड, पी ते आर: २.४ सेकंद
थंड, पी ते डी: १.६ सेकंद
४० मिनिटं चालवल्यावर, पी ते आर: १.२ सेकंद
४० मिनिटं चालवल्यावर, पी ते डी: ०.९ सेकंद

दणक्याला माप नाही, म्हणून आईला मागच्या सीटवर बसवून तिला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. आर ला ४, डी ला ३. आई शाळेत शिक्षिका होती, गुण हात राखूनच देते.

चालताना गिअर बदलतात ते ठीक वाटतात. गाडी कधी एकाच गिअरमध्ये अडकली नाही, कुठला दिवा लागला नाही. इथल्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, बिघाडाचे कोड शून्य. तरी त्यांचं म्हणणं, 'मॅडम, गिअरबॉक्स संपला, उतरवून पूर्ण ओव्हरहॉल.' अंदाजपत्रक १,९०,००० रुपये. आयटमवार फोड मागितली तर म्हणाले, उघडल्याशिवाय कसं सांगणार. जे उघडल्याशिवाय सांगता येत नाही त्याचा आकडा एवढा नेमका कुठून आला, हे मी विचारलं नाही. ऑइल त्यांनी बघितलंय, 'फुल आहे' म्हणाले.

पुढं काय तपासू? आणि कुठल्या क्रमानं?

टर्बोदादा (रविवार, रात्री १०.१५)

ताई, एवढं टेन्शन नका घेऊ. बाजारात गिअर ऑइलमध्ये टाकायची कंडिशनरची बाटली मिळते. माझ्या आधीच्या गाडीला एक बाटली टाकली, लोण्यासारखे गिअर पडायला लागले. हजाराच्या आत काम.

भोसरीचा गिअरवाला (रविवार, रात्री ११.०५)

दादा, बाटली नको. ती आतली रबरं मऊ करून फुगवते. चार महिने बरं वाटतं, आणि मग खोलायला माझ्याकडे येते. तोवर मूळ दुखणं काय होतं ते कळायची सोयच राहत नाही.

ताई, तुम्ही मोजलंत हे फार बरं केलंत. इथं लोक 'गाडी जर्क मारते' एवढंच लिहितात आणि आम्ही ज्योतिष सांगायचं. पण एक करा, तुमच्या वहीत दोन खाती वेगळी काढा. उशीर हे एक खातं, दणका हे दुसरं. तुम्ही दोन्ही एकाच तक्रारीत धरलीत, गॅरेजवाल्यानंही तेच केलं, म्हणून बिल थेट ओव्हरहॉलवर गेलं.

उशीर म्हणजे तेलाचं दुखणं. तुम्ही आर टाकता तेव्हा आतल्या क्लचच्या पाठीमागं तेल भरायला लागतं. ते दाबानं भरलं की क्लच धरतो. तेल कमी असलं, पंप हवा ओढत असला, फिल्टर तुंबला असला, किंवा पिस्टनची सील कडक झाली असली की भरायला वेळ लागतो. नगरपालिकेचा नळ सुटतो तेव्हा आधी फुसफुसतो आणि मग एकदम धार येते, तसंच. या गाडीत रात्रभरात कन्व्हर्टरमधलं (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) तेल थोडं खाली उतरतं, म्हणून सकाळचा पहिला गिअर जरा सुस्त असतो. पण २.४ सेकंद सुस्त नाही, आजारी आहे. सेकंदाच्या आत धरलं पाहिजे.

दणका हे बहुतेक वेळा ढिलाईचं दुखणं. क्लच धरला, जोर मागं निघाला, वाटेत जिथं जिथं सैल आहे तिथं तिथं आपटत गेला. फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, मागच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची रबराची चकती, मधलं बेअरिंग, डिफरन्शिअल. उशिरा आणि एकदम धरलं तर दणका वाढतो हे खरं, पण गरम झाल्यावर तुमचा उशीर निम्म्यावर येतोय आणि आईचे गुण काही निम्मे झालेले दिसत नाहीत.

आयडलिंग किती आहे तेही लिहा. इंजिन हजारावर असताना गिअर टाकला तर कुठलीही गाडी लाथ मारणार.

आणि दोन प्रश्न. ऑइल 'बघितलं' म्हणजे कसं बघितलं? इंजिन चालू होतं की बंद? आणि २०१९ च्या पुरात ही गाडी कुठं होती?

विश्रामबाग (सोमवार, सकाळी ७.५०)

पुरात गाडी विट्याला मामांच्या घरी होती. पाणी तिकडं नव्हतं.

आयडलिंग: चालू केल्यावर हजाराच्या आसपास, मिनिट-दीड मिनिटात उतरतं, गरम झाल्यावर काटा ६५० च्या जवळ स्थिर. वरचे थंड आकडे काटा खाली आल्यानंतरचे आहेत, ते आधीच लिहायला हवं होतं.

ऑइल बघताना मी समोर उभी होते. बॉनेटखाली मागच्या बाजूला एक नळी आहे, तिच्या टोपणाला लाल प्लॅस्टिकची कुलपासारखी पिन होती. ती त्यानं पकडीनं तोडली. आत तेल मोजायची दांडी नव्हतीच. मग त्यानं दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची दांडी घातली, बाहेर काढली, 'बघा, इथपर्यंत आहे' म्हणाला. इंजिन बंद. गाडी रात्रभर तिथंच उभी होती, म्हणजे थंड.

भोसरीचा गिअरवाला (सोमवार, सकाळी ८.३०)

मग ते बघणं नाहीच झालं.

या बॉक्सला कारखान्यातून दांडी येतच नाही, नुसती नळी येते. दांडी वर्कशॉपची असते. तिचं टोक खाली चेंबरच्या (बॉक्सखालच्या तेलाच्या थाळीच्या) तळाला टेकतं आणि वर दोन पट्ट्या असतात, एक २५ अंशांची आणि एक ८० अंशांची. दुसऱ्या गाडीची दांडी म्हणजे मिरजेचं अंतर कराडच्या दगडावर वाचायचं.

त्यात इंजिन बंद. इंजिन चालू असताना पंप तेल उचलून कन्व्हर्टरमध्ये आणि वरच्या वाटांमध्ये फिरवत असतो. बंद केलं की त्यातलं बरंच खाली चेंबरमध्ये येतं आणि पातळी चढलेली दिसते. बंद इंजिनवर 'फुल' दिसलं तर चालू इंजिनवर ते कमी असणार, हे मी गाडी न बघता सांगतो.

दांडी मागवा. ऑनलाइन मिळते, मूळ नंबर १४० ५८९ १५ २१ ००. सपाट जमीन, इंजिन चालू, लिव्हर पीमध्ये, तेल ८० अंशांना. धागे न सोडणाऱ्या कापडानं पुसायची, धागा आत गेला तर वेगळंच दुखणं. कमी निघालं तर एका वेळी पाव लिटरच टाका, फिरवून आणा, परत बघा. जास्त झालं तर आतले फिरते भाग तेल घुसळून फेस करतात, आणि फेसाचं लक्षण तंतोतंत कमी तेलासारखंच असतं. मग माणूस आणखी ओततो.

नेकारकाठ (सोमवार, दुपारी १.२०)

श्टुटगार्टहून लिहितोय. गिअरबॉक्स माझा पेशा नाही, पण माझ्याकडे याच बॉक्सची जुनी गाडी नऊ वर्षं आहे आणि चुका करून शिकलोय. हे बॉक्स इथंच, नदीच्या काठाने खाली गेलं की उंटरटुर्कहाइमच्या कारखान्यात बनायचे.

८० अंश मोजताना एक फसगत होते. स्कॅनरवर गिअर ऑइलचं तापमान वाचणार असाल तर पी किंवा एनमध्ये (न्यूट्रल) वाचू नका. आतला तापमानाचा सेन्सर स्टार्टर रोखणाऱ्या संपर्काच्या ओळीत जोडलेला आहे. पी आणि एनमध्ये तो संपर्क उघडा असतो, म्हणजे सेन्सर तुटलेलाच. त्या वेळी कॉम्प्युटर इंजिनच्या कूलंटचं तापमान उसनं घेतो आणि स्कॅनरवर तोच आकडा दिसतो. कूलंट दहा मिनिटांत ८० ला जातं, गिअर ऑइलला बराच जास्त वेळ लागतो. ब्रेक घट्ट दाबून डी टाकायचा, आकडा वाचायचा, परत पीमध्ये यायचं आणि मग दांडी घालायची. मी पहिल्या वर्षी हे न कळल्यामुळे ५० अंशांच्या तेलावर ८० ची पट्टी वाचून जवळजवळ लिटरभर जादा भरलं होतं. तेल तापलं की फुगतं, हे मी शाळेत शिकलो होतो.

तेल कमी निघालं तर गळती शोधावी लागेलच. बॉक्सच्या उजव्या बाजूला तेरा पिनांचा गोल प्लग आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. त्याच्या रबरी रिंगा वयानं कडक होतात. तिथून तेल फक्त खाली ठिबकत नाही, तारांच्या आतून केशाकर्षणानं वर चढतं आणि कंट्रोल युनिटच्या (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरच्या) कनेक्टरपर्यंत पोचतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. सुधारित प्लगचा नंबर २०३ ५४० ०२ ५३, स्वस्त वस्तू आहे. तो बदलताना कंट्रोल युनिटचा डबा उघडून तिकडच्या कनेक्टरला तेल लागलंय का ते पाहाच.

कोड नाही आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकत नाही, म्हणजे आतली सेन्सरची पाटी (कंडक्टर प्लेट) तूर्त संशयितांच्या यादीत खाली ठेवायला हरकत नाही. तिचे स्पीड सेन्सर मरतात तेव्हा गाडी बहुधा लिंप मोडला, म्हणजे एकाच गिअरमध्ये अडकलेल्या चालीला, जाते, गुपचूप दणके देत बसत नाही.

निवृत्त सारथी (सोमवार, रात्री ९.१०)

राम राम. मी साखर कारखान्यात चेअरमनसाहेबांच्या गाडीवर २६ वर्षं ड्रायव्हर होतो. शेवटची ११ वर्षं अशीच मर्सिडीज होती. वरची मंडळी शिकलेली आहेत, मी हातानं कळलेलं सांगतो.

मॅडम, फाउंडेशन बघायला एक पैसा लागत नाही. बॉनेट उघडा. चारी चाकांना ठोकळे लावा, पायातला पार्किंग ब्रेक पूर्ण दाबा. जाणता माणूस आत बसवा, ब्रेकवर उभा राहिल्यासारखा पाय. तुम्ही गाडीच्या बाजूला उभ्या राहा. समोर नाही आणि मागंही नाही, हे पाळा. आमच्याकडे एक पोरगं याच कामात बंपर आणि भिंतीच्या मधे सापडलं होतं, नशिबानं पायावर निभावलं. मग आतल्यानं डी टाकायचा, जरा थांबून एन, मग आर. इंजिन किती हलतं ते बघा. बोटभर हललं तर चालतं. एका अंगावर उचलून परत आपटलं तर त्या बाजूचं फाउंडेशन गेलं.

या गाडीच्या फाउंडेशनमध्ये रबराच्या आत तेल असतं. फुटलं की खाली काळा ओघळ दिसतो आणि इंजिन त्या बाजूला बसतं. साहेबांच्या गाडीचं असंच झालेलं. साहेब मागून म्हणाले, अरे तू गिअर टाकतोस का घण घालतोस?

विश्रामबाग (पुढचा शनिवार, रात्री ८.३०)

दांडी आली. आज दोन खात्यांपैकी पहिलं उघडलं.

सांगली-मिरज रस्त्यावर पाऊण तास चालवली. मिरजेत एक मेकॅनिक सापडला, तो रेक्स्टन उघडतो. भोसरीवाल्यांना माहीत असेलच, महिंद्रानं विकलेल्या ऑटोमॅटिक रेक्स्टनमध्ये मर्सिडीजचा पाच गिअरचा बॉक्स होता, त्यामुळे त्याला ही नळी, ही लाल पिन वगैरे परकी नव्हती. त्याचा स्कॅनर लावला. पीमध्ये तेलाचं तापमान ८८ दाखवत होता. ब्रेक दाबून डी टाकला तर ७१! नेकारकाठ, तुम्ही नसता तर मी ८८ वर सही करून मोकळी झाले असते. आणखी एक फेरी मारून ८० गाठलं, मग दांडी घातली.

पट्टीच्या खालच्या खुणेच्या बरंच खाली. म्हणजे 'फुल' नव्हतंच.

पाव-पाव लिटर करत चार वेळा, एकूण एक लिटर गेलं तेव्हा पातळी दोन खुणांच्या मधे आली. तेल मर्सिडीजच्या २३६.१४ दर्जाचं. रंग दांडीवर तपकिरीकडं झुकलेला लाल, जळका वास नाही. पांढुरकं किंवा दुधी नाही, म्हणजे पाणी नाही.

आज दुसरं काहीही केलेलं नाही, मुद्दाम. मेकॅनिक म्हणत होता एकदमच सगळं करू, परत परत रॅम्पवर घ्यायला नको. मी म्हटलं, दोन नोंदी एकत्र टाकल्या तर फरक कशामुळं पडला ते मला कधीच कळणार नाही. तो हसला, पण ऐकलं.

उद्या सकाळी थंड मोजते.

विश्रामबाग (रविवार, सकाळी ७.३५)

थंड, पी ते आर: १.१ (आधी २.४)
थंड, पी ते डी: ०.८ (आधी १.६)
दणका: आर ला ४, डी ला २.

उशीर निम्म्यावर आला, आरचा तर त्याहूनही कमी. आरचा दणका जिथल्या तिथं. आईला विचारलं, नक्की चारच का? म्हणाली, पुनर्मूल्यांकनाचे पैसे पडतील.

भोसरीचा गिअरवाला (रविवार, सकाळी १०.२०)

बघा, खाती सुटी झाली. आता पहिलं खातं बंद करायचं तर चेंबर उतरवा. फिल्टर, गॅस्केट आणि तो तेरा पिनांचा प्लग एकाच वेळी बदला, हे तिन्ही तेलाच्या खात्यातलेच. चेंबरमधलं लोहचुंबक बघा. करडी मऊ पेस्ट असली तर ती वयाची, पुसून टाका. बोटाला टोचणारे चकचकीत कण असले तर फोटो टाका, मग वेगळं बोलू. ड्रेन प्लगला २० न्यूटन-मीटर, जोर लावून पिळू नका. कन्व्हर्टरलाही ड्रेन प्लग आहे का बघा, काही गाड्यांत असतो, काहींत नसतो.

दणक्यासाठी एक फुकटची परीक्षा. लिव्हरजवळ एस-डब्ल्यूचं (स्टँडर्ड-विंटर) बटण आहे ना? आतापर्यंत सगळं एसवर मोजलं असणार. आता डब्ल्यूवर करून बघा. डब्ल्यूमध्ये ही गाडी दुसऱ्या गिअरनं उठते, आणि रिव्हर्सलाही वेगळा, हलका गिअर वापरते.

विश्रामबाग (रविवार, सकाळी ११.१५)

लगेच खाली जाऊन केलं. डब्ल्यूमध्ये आर ला २, डी ला १!

डब्ल्यूवर दणका कमी, म्हणजे गिअरबॉक्स चांगला असं समजू का? गुणोत्तरं शोधली. पहिला ३.९३, दुसरा २.४१. रिव्हर्स एसमध्ये ३.१०, डब्ल्यूमध्ये १.९०. दोन्हीकडे भागाकार केला तर ०.६१ येतो. हा योगायोग आहे का? मला आकडे असे जुळले की झोप येत नाही.

नेकारकाठ (रविवार, दुपारी २.००)

योगायोग नाही, आणि हे तुम्ही पकडलंत याचं कौतुक वाटलं. बॉक्समध्ये ग्रहमालेसारखे तीन गिअरसंच एकामागं एक आहेत. पहिल्या गिअरला आणि एसच्या रिव्हर्सला सगळ्यात पुढचा संच बी १ नावाच्या ब्रेकनं धरलेला असतो, तो वेग कमी करून जोर वाढवतो. डब्ल्यूमध्ये त्याच संचाला के १ क्लचनं एकजीव करून टाकतात, तो नुसता सोबत फिरतो. पुढं जाताना आणि मागं येताना वगळला जातो तो एकच संच, म्हणून एकच भागाकार.

पण म्हणूनच या परीक्षेवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मागं जाणारा जोर ६१ टक्क्यांवर आला, त्यामुळे सैल सांध्यांचा आवाज कमी होणारच. मात्र बी १ ऐवजी के १ वापरला गेला हेही खरं. बी १ मध्येच काही असेल तर तेही डब्ल्यूमध्ये लपतं. दोन संशयित एकाच वेळी खोलीबाहेर गेलेत. सारथीकाकांची बॉनेटची परीक्षा निकाल देईल.

भोसरीचा गिअरवाला (रविवार, दुपारी २.४०)

बरोबर. मी एवढं फोड करून सांगत नाही कारण गिऱ्हाईक पळतं.

विश्रामबाग (दोन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६.१०)

उशीर झाला, ऑडिटचा हंगाम होता. दोन्ही खात्यांचा हिशेब देते.

तेलाचं खातं. चेंबर उतरवलं. खालून तेल ४ लिटर १०० मिली निघालं, मी घरचं दुधाचं माप घेऊन गेले होते (ते आता दुधाला चालणार नाही, हे घरी जाऊन कळलं). कन्व्हर्टरला आमच्यात प्लग नाही, त्यामुळे उरलेलं जुनं तेल आतच. पाच-सहा हजार किमीनंतर पुन्हा एकदा चेंबरपुरतं बदलायचं ठरवलंय. चुंबकावर करडी पेस्ट, काजळासारखी मऊ. टोचणारं काही नाही. तेरा पिनांचा प्लग काढला, सात नंबरच्या एका बोल्टवर असतो. रिंगा बोटात मोडल्या. मागची पूर्ण बाजू तेलानं माखलेली, म्हणजे तो लिटर तिथूनच गेला असणार.

मग कंट्रोल युनिटचा डबा उघडला. नेकारकाठ, तुमची वात खरी निघाली! कनेक्टरच्या खालच्या ओळीत चार पिनांना तेलाचा पातळ थर होता. गिअरबॉक्स कुठं, हा डबा कुठं, आणि तेल तारेच्या आतून एवढं चढून आलं. मेकॅनिकनंही पहिल्यांदाच पाहिलं, त्यानं फोटो काढून घेतला. कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतलं, वाळवलं, परत जोडलं. महिन्यानं पुन्हा उघडून बघायचं असं वहीत लिहिलंय, कारण तारांत अडकलेलं तेल अजून वर येऊ शकतं.

दणक्याचं खातं. सारथीकाका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. ठोकळे, पार्किंग ब्रेक, आत मेकॅनिक, मी बाजूला. आर टाकल्यावर इंजिन उजव्या अंगावर उठलं आणि परत बसताना खाली जो आवाज झाला, तोच माझा दणका. इतके महिने मी तो मागून येतोय असं समजत होते! आवाज चासीतून फिरून सीटखाली येत होता. उजव्या फाउंडेशनखाली काळा ओघळ होता, डावंही बसलेलं. दोन्ही बदलली, गिअरबॉक्सखालचं मागचंही बदललं.

त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टच्या चकत्या पाहिल्या. पुढच्या चकतीत बोल्टच्या भोकांमधे तीन भेगा, नखानं उघडत होत्या. मागची ठीक. पुढची बदलली. शाफ्ट उतरवण्याआधी मेकॅनिकनं जोडावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, परत त्याच जागी बसावा म्हणून. कसताना बोल्ट धरून नटच फिरवला, नाहीतर म्हणे रबर पिळून बसतं. मला हे बघायला आवडलं. ज्याला काम येतं त्याच्या हाताला घाई नसते.

इथं माझी एक चूक कबूल करते. फाउंडेशन आणि चकती एकाच दिवशी बदलली, मधे मोजमाप न घेता. रॅम्प दुपारपर्यंतच मोकळा होता. त्यामुळे दोघांत कुणाचा वाटा किती ते आता कळणार नाही.

आजचे आकडे:

थंड, पी ते आर: ०.९
थंड, पी ते डी: ०.७
गरम, पी ते आर: ०.७
गरम, पी ते डी: ०.६
दणका: आर ला १, डी ला ०. 'शून्य लिहू का?' असं आईनं दोनदा विचारलं.

एकूण खर्च, दांडी धरून, त्या अंदाजपत्रकाच्या चौथ्या हिश्श्याच्याही आत. पावत्या सगळ्या घेतल्या.

थांबतानाचा तो हलका धक्का मात्र अजून आहे. कमी झालाय, गेला नाही. त्याचं काय करू?

भोसरीचा गिअरवाला (रविवार, रात्री ९.३०)

आता काहीच करू नका. तो दोनमधून एकवर उतरतानाचा आहे. कॉम्प्युटर प्रत्येक गिअरसाठी किती दाब, किती वेळ हे वापरातून शिकत असतो. तुमचा इतके महिने कमी तेलावर, फेसावर शिकलाय. पाच-सातशे किमी साधी चालवा, पाय हलका. नाही गेला तर शिकलेलं पुसून नव्यानं शिकवता येतं. तोवर हात लावू नका.

आणि त्या रेक्स्टनवाल्याचा फोन मला खाजगीत पाठवा. मिरजेकडची गिऱ्हाईकं मी उगाच पुण्याला बोलावतो.

निवृत्त सारथी (सोमवार, सकाळी ६.४५)

मॅडम, छान झालं. फक्त सकाळी चालू केल्यावर काटा खाली येईपर्यंत थांबत जा, मग गिअर टाका. आईसाहेबांना नमस्कार.

विश्रामबाग (पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.००)

८२० किमी झाले, मधे कोल्हापूरच्या चार फेऱ्या. थांबतानाचा धक्का मी शोधायला गेले तरच सापडतो. दांडी पुन्हा घातली, पातळी तिथंच. कंट्रोल युनिटचा डबा उघडला, दोन पिनांवर पुसट थर होता, धुतला. दोन महिन्यांनी परत बघेन.

दांडी माझ्याकडे आहे. सांगली, मिरज, कोल्हापूरकडे कुणाला या बॉक्ससाठी लागली तर निरोप ठेवा, देईन. परत करताना पुसून द्या, आणि न सोडणाऱ्या कापडानं.